जास्वंदीला बांधलेली घंटा

शास्त्र हा विषय आमच्या सुषमाला होता. अभ्यास मी करत होते.

याला कारण गद्रे सर. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सुषमा पनवेलला नववीत होती आणि सहामाहीत शास्त्रात नापास झाली होती. (काठावर वगैरे नाही. चांगली खोल.) शास्त्र शिकवायला गद्रे सर, आणि बाई, काय तो माणूस! आकृतीतली रेघ वाकडी गेली की अर्धा गुण कापायचे, आणि सरळ आली तर फार ठळक आली म्हणून कापायचे. त्यांनी मला शाळेत बोलावून घेतलं.

"हे बघा वहिनी, लेखी पेपरात हिचं काय होणार ते मला आत्ताच दिसतंय. जानेवारीत दोन प्रकल्प देतोय. एक विजेचं सर्किट, दुसरा बोटांचे ठसे. दोन्ही नीट केले तर पोरगी दहावीत जाईल. नाहीतर हाच वर्ग आणि हाच बाक."

"नीट म्हणजे कसे, सर?"

"घरातला खरा प्रश्न घ्यायचा. तो शास्त्राने सोडवायचा. आणि शेवटी निष्कर्ष लिहायचा. निष्कर्षाला माझ्याकडे गुण असतात."

सुषमा घरी येऊन रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं. दोन दिवस नुसती मान खाली घालून जेवत होती, आणि मैत्रीण हाक मारायला आली की "नाही आहे म्हणून सांग" म्हणत होती. मला ते बघवेना. मी पदर खोचला आणि ठरवलं, ही मुलगी दहावीत जाणार. मग मध्ये वीज येऊ दे नाहीतर बोटं येऊ देत.

"पण प्रकल्प माझा आहे ना?" सुषमा म्हणाली.

"तुझाच आहे. तू फक्त बस."

खरा प्रश्न शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या अंगणात, रस्त्याकडच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून, लाल जास्वंदीचं झाड होतं. मी हाताने लावलेलं, तांदळाच्या धुवणावर वाढवलेलं. फुलायचं असं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पण सकाळी मी अंघोळ करून परडी घेऊन जावं तर झाडावर नुसती देठं. रोज कोणीतरी उजाडायच्या आत येऊन फुलं खुडून न्यायचं. माझा गणपती आठवडाभर दूर्वांवर होता, आणि बाजूच्या भिंतीपलीकडच्या म्हात्रे काकूंचा गणपती मात्र लाल जास्वंद लेवून बसलेला. काकूंच्या अंगणात जास्वंद नाही. त्यांच्याकडे होता शेवगा.

"याला म्हणतात पुरावा," मी म्हणाले.

"याला म्हणतात संशय," आमचे हे म्हणाले. हे तळोज्याच्या कंपनीत होते, रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि दिवसभर झोपायचे. झोपायच्या आधी एखादं शहाणपणाचं वाक्य टाकून जायची त्यांना सवय होती.

पहिलं सर्किट मी माझ्या डोक्याने केलं. बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घंटी आणली, टॉर्चमधले सेल काढले, डालड्याच्या डब्याच्या दोन पट्ट्या कापल्या. एक पट्टी फांदीला बांधली आणि दुसरी तिच्या जरा खाली, भिंतीतल्या खिळ्याला. कोणी फूल तोडायला फांदी वाकवली की पट्टीला पट्टी लागणार आणि घंटी वाजणार. सुषमा म्हणाली, "आई, वारा आला तर?" मी म्हटलं, वारा कशाला येतोय.

वारा आला. वारा गेला तर कावळा आला. कावळ्याला तो आवाज इतका आवडला की तो फांदीवर बसून झोके घ्यायला लागला. आमच्या ह्यांचा नुकता डोळा लागला होता. घंटी वाजली, हे उठले, दार उघडलं, दारात कोणी नाही. पुन्हा आडवे झाले, पुन्हा घंटी. तिसऱ्या वेळी दूधवाला खरंच दारात उभा होता आणि आमच्या ह्यांनी त्याला विचारलं, "का छळतोस रे बाबा?" त्या दिवसापासून दूधवाला आमचं दूध भिंतीवर ठेवून पळून जायला लागला. ह्यांनी कानातले बोळे काढून मला सांगितलं, "एकतर ती घंटी राहील नाहीतर मी." मी विचार करायला जरा वेळ घेतला, त्याचाही त्यांना राग आला. शेवटी घंटी काढली.

मग दुसऱ्या प्रकल्पाला हात घातला. चोराने ज्याला हात लावलाच पाहिजे असं काहीतरी हवं होतं. मी माझं नवंकोरं स्टीलचं ताट घासूनपुसून लख्ख केलं आणि भिंतीवर, फांदीला टेकवून, उभं ठेवलं. ते बाजूला केल्याशिवाय फुलं हाताशी येत नव्हती. सकाळी फुलं गेलेली, आणि ताट व्यवस्थित उचलून भिंतीच्या कडेला नीट सरळ लावून ठेवलेलं. चोर टापटिपीचा होता, मला म्हात्रे काकूंचं स्वयंपाकघर आठवलं आणि माझी खात्रीच पटली.

सुषमाने ताटावर काळं दंतमंजन भुरभुरलं, फुंकर मारली, आणि खरंच ठसा दिसायला लागला! ताटाच्या वरच्या अंगाला एक मोठा ठसा आणि खालच्या अंगाला चार. तिने सेलोटेप लावून वरचा ठसा अलगद उचलला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवला. गोल गोल रेषा आणि मधून एक आडवा व्रण, कधीतरी कापल्याचा. पोरीचा चेहरा असा उजळला की मला भरूनच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती स्वतःहून वही घेऊन बसली.

आता प्रश्न होता जुळवायचा. म्हात्रे काकूंना "तुमचं बोट द्या" असं सांगणार कसं? पण संक्रांत झाली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. आणि मला सुचलं. माझ्या मते ते आजवरच्या शास्त्रात कोणालाच सुचलं नसेल.

हळदीकुंकवाला आलेल्या बाईला आपण हळदकुंकू लावतो, आणि मग ती आपल्याला परत लावते. म्हणजे तिच्या बोटाला कुंकू असतंच! शाई नको, पॅड नको, ठसा तयार. मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर सुषमाकडून वेल काढून घेतली. देठं, पानं सगळं, फक्त पाकळ्या मोकळ्या. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. प्रत्येकीने मला कुंकू लावलं की मी हसून म्हणायचे, "जरा इथे बोट टेकवा हं, सुषमाला शाळेत पाकळ्यांचं डिझाइन द्यायचंय." ती गेली की सुषमा पाकळीखाली बारीक अक्षरात नाव लिहायची. बायका हौसेने टेकवत होत्या. दोघीतिघींनी तर "माझी पाकळी जरा फिकी आली" म्हणून दोनदा टेकवलं. म्हात्रे काकू तर हात धुऊन, पुसून, पुन्हा कुंकू घेऊन टेकवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "पोरीचं चांगलं होऊ दे गो." मी मनात म्हटलं, होईल, तुमच्याच बोटाने होईल.

सगळ्या गेल्यावर मी तिळाच्या लाडवाचे डबे आवरत होते आणि सुषमा भिंग घेऊन बसली होती. ती एकेक पाकळी कागदावरच्या ठशाशी लावून बघत होती.

"आई, ताटावरचा ठसा अंगठ्याचा आहे. ताट उचलताना अंगठा वर असतो, बोटं खाली."

"बरं मग?"

"मग हळदकुंकू कुठल्या बोटाने लावतात?"

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. करंगळीशेजारच्या बोटाला अजून कुंकू होतं. जन्म गेला त्या बोटाने हळदकुंकू लावण्यात. आईने लावलं, सासूने लावलं, मी त्या दिवशी अख्ख्या गल्लीला लावलं, आणि एका बाईनेही अंगठा वापरला नव्हता. वापरला असता तर मीच नावं ठेवली असती! पुठ्ठ्यावर एवढ्या पाकळ्या फुलल्या होत्या आणि त्यातली एकही कामाची नव्हती.

इथे शहाणी बाई थांबली असती. मी शाईचं पॅड घेतलं आणि भिंतीपलीकडे गेले.

म्हात्रे काकू ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, "काकू, जरा तुमचा अंगठा हवा होता."

काकूंचा हात थांबला. "कशाला?"

"काही नाही, असंच. या कागदावर उठवायचा."

आता मला सांगा, हे बोलताना माझी अक्कल कुठे गेली होती? सही येत असलेल्या बाईकडे कोणी अंगठा मागतं का? काकू उठून उभ्या राहिल्या.

"अंगठा? मी काय अंगठेवाली वाटली तुला? सातवी पास हाय मी. सोसायटीच्या मीटिंगला सही करतंय, तुज्या नवऱ्याच्या सहीपेक्षा चांगली. नाय वाचता येत तुज्या नवऱ्याची सही."

"नाही हो काकू, तसं नाही..."

"मंग कसं?"

आणि मग कसं ते सांगावं लागलं. झाड, ताट, दंतमंजन, पाकळ्या, सगळं. काकूंनी पॅड माझ्या हातातून घेतलं, उजवा अंगठा उठवला, डावा उठवला, आणि म्हणाल्या, "पायाचे पन देऊ?"

सुषमाने भिंग लावलं. एकही जुळला नाही. व्रणाचा तर पत्ताच नव्हता. काकूंच्या घरची जास्वंदं करंजा गावाहून येत होती, त्यांच्या भावाच्या अंगणातून, मासळीच्या टोपलीत वर ठेवून. इतकी वर्षं शेजारी राहून मी हे कधी विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की भिंतीच्या पायाशी खड्डा असता तर मी त्यात उतरले असते.

पण काकू सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी गल्लीतल्या बायका ओट्यावर बोलावल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाकळ्या पाकळ्या करून हिने आपल्या सगळ्यांचे ठसे घेतलेत. आता हिने चोर धरून दाखवायचा, आनि त्याचं नाव इथं, या ओट्यावर उभं राहून सांगायचं. नायतर मी हिच्याशी बोलनार नाय."

"शोधते," मी म्हणाले. "शोधते आणि नाव घेऊन सांगते. कोणी का असेना."

घरी आल्यावर सुषमा म्हणाली, "आई, आता सर्किट मी करू?" मी बसले. खरंच नुसती बसले.

तिने कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला. चिमट्याच्या दोन्ही ओठांना तारा गुंडाळल्या आणि मध्ये दुधाच्या पिशवीचा प्लॅस्टिकचा तुकडा धरला. त्या तुकड्याला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक भिंतीवरून, अंगाला लागेल असं आडवं नेलं. कोणी आत वाकलं की दोरी ओढली जाणार, प्लॅस्टिक निसटणार, चिमटा मिटणार आणि घंटी वाजत राहणार. कावळा बसला, घंटी गप्प. वारा आला, गप्प. आमचे हे सुखाने झोपले. मी पोरीकडे बघतच राहिले. हे हिला पहिल्यापासून येत होतं आणि मी आपली डालड्याचा डबा कापत बसले होते.

माघी गणेश जयंतीच्या पहाटे घंटी वाजली.

मी हातात येईल ते घेऊन धावले. (लाटणं हाताला आलं. मी तेवढी भाग्यवान.) सुषमा नवे सेल घातलेला टॉर्च घेऊन मागे. भिंतीवरून एक माणूस अर्धा आत वाकलेला, डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि दोरी मफलरात अडकलेली. तो सुटायला ओढत होता तसतशी दोरी जास्त गुंतत होती. शेवटी झटका बसून तो भिंतीवरून आमच्या अंगणातच उतरला. मी लाटणं उगारलं. सुषमाने टॉर्च मारला.

"सर?"

माकडटोपीतून गद्रे सरांनी डोळे मिचकावले. मग घंटीकडे बघितलं, मग चिमट्याकडे.

"सीरिज जोडणी आहे," ते म्हणाले. "कल्पना चांगली आहे."

सुषमाने चिमटा उघडून घंटी बंद केली. तेवढ्यात भिंतीपलीकडे म्हात्रे काकूंच्या दाराची कडी वाजली. "कोन हाय गो? गावला का चोर?"

सर माझ्याकडे बघत होते. मी सरांकडे बघत होते. ओट्यावर, गल्लीसमोर दिलेला माझा शब्द होता. नाव जिभेवर आलं होतं, नुसतं तोंड उघडायचं होतं! आणि शेजारी सुषमा टॉर्च धरून उभी होती. तिची नववी, तिचा बाक, तिचं ते मान खाली घालून जेवणं. हे नाव आज ओट्यावर गेलं की उद्या त्या लाल पेनासमोर माझ्या पोरीचं काय होईल? मी लाटणं खाली केलं.

मी सरांचं डोकं धरलं आणि तुळशी वृंदावनामागे दाबलं. (गद्रे सरांचं डोकं! शाळेतल्या कित्येक पिढ्यांना जे करावंसं वाटलं ते मी केलं, पण तेव्हा मजा घ्यायला वेळ नव्हता.)

काकूंचं डोकं भिंतीवर आलं. "कोन व्हता?"

"कोणी नाही काकू. मीच."

"तू काय करतीस?"

"फुलं तोडत होते. दोरी बांधलीय ते विसरले."

काकूंनी दोरीकडे बघितलं. मी घाईघाईने म्हणाले, "म्हणजे... रोजच मी तोडत असेन. झोपेत. मला झोपेत चालायची सवय आहे, लहानपणापासून."

"म्हंजे तुजी फुलं तूच चोरतीस," काकू एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "आनि अंगठा माझा घेतलास?"

मी मान हलवली. काकूंनी भिंत धरली. मला वाटलं आता शिव्या येतील. पण त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की खाली बसल्या, आणि दिसेनाशा झाल्यावरही भिंतीपलीकडून हसू येत राहिलं. मग "मना आज कोनाला तरी सांगितल्याबिगर राहवनार नाय" असं म्हणत घरात गेल्या.

तुळशीमागे सर उकिडवे बसून, तिथेच टेकवून ठेवलेलं ते दंतमंजन लागलेलं ताट बघत होते.

"सुषमा, ठसा कशाने उठवलास?"

"काळ्या दंतमंजनाने, सर."

"छान. व्रण स्पष्ट आलाय का?" त्यांनी अंगठा टॉर्चसमोर धरला. व्रण होता. आडवा, तसाच. "प्रयोगशाळेतली परीक्षानळी फुटली होती," त्यांनी माहिती दिली. मग उठून धोतर झटकलं आणि मला म्हणाले, "वहिनी, देवासाठीच नेतो हो. सौभाग्यवतींना जास्वंद लागतं आणि बाजारातलं शिळं असतं. उपकार झाले." आणि पिशवी उचलून गेले. फुलांसकट!

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. किराणावाल्याने मला विचारलं, "वहिनी, झोप लागते ना नीट?" संध्याकाळी म्हात्रे काकू स्वतः आल्या, करंज्याची जास्वंदं पदरात घेऊन. "घे," म्हणाल्या, "आता सोताची चोरू नको." त्या माझ्याशी बोलत होत्या, एवढ्यावर मी सगळं गिळलं. आमचे हे जेवताना फक्त एवढंच म्हणाले, "झोपेत चालतेस हे मला लग्नाआधी सांगायला हवं होतं." त्यांना खरं सांगितलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

सुषमा मात्र वहीसमोर पेन धरून बसून राहिली. "आई, निष्कर्षात काय लिहू? सर म्हणतात निरीक्षण प्रामाणिक हवं."

"लिही, चोर सापडला नाही."

"पण सापडला ना."

"तुला दहावीत जायचंय ना?"

तिने लिहिलं. मी शेजारी उभी राहून लिहून घेतलं आणि वही स्वतः दप्तरात भरली.

वही परत आली त्या दिवशी सुषमा गल्लीच्या तोंडापासून धावत आली. सर्किटला पैकीच्या पैकी! दोन्ही मिळून पोरगी आरामात पास होत होती, दहावी नक्की. मी देवापुढे साखर ठेवली, पोरीला जवळ घेतलं, आणि मग ठशांच्या प्रकल्पाचं पान उलटलं. खाली लाल शाईत, वळणदार अक्षरात शेरा होता:

"ठसा उत्तम. निष्कर्ष चुकीचा. फुले विद्यार्थिनीची आईच तोडते, असे शेजारी सांगतात. दोन गुण वजा."

शेऱ्याखाली पालकांची सही मागितली होती. हे रात्रपाळीला निघून गेले होते. मी चष्मा लावला आणि सही केली.